व्यवहारलेखन : सुरतेच्या पेढीपासून आजच्या कार्यालयापर्यंत
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावरून काव्याविषयी, कादंबरीविषयी किंवा संतवाङ्मयाविषयी बोलले जावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. कचेरीतील पत्रे, पेढीवरील कागद, अर्ज, सूचना आणि इतिवृत्ते यांचा विषय अशा प्रसंगी काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु शंभर वर्षे टिकलेली कोणतीही संस्था कपाटातील ग्रंथांइतकीच टेबलाच्या खणातील कागदांवर उभी असते. सभेचे इतिवृत्त नीट लिहिले गेले, देणगीची पावती वेळेवर दिली गेली, अनुदानाचा अर्ज मुदतीत आणि पूर्ण माहितीनिशी गेला, जागेचा करार संदिग्ध राहिला नाही, म्हणूनच ग्रंथांना छप्पर राहिले. हे लेखन करणाऱ्यांची नावे कोणी लक्षात ठेवीत नाही. त्यांचे वाक्य चुकले असते, तर मात्र त्याचा परिणाम सर्वांच्या लक्षात आला असता.

सुरत हे शहर या विषयासाठी सर्वथा योग्य आहे. या शहराचा इतिहास जितका जहाजांचा आणि जरीचा, तितकाच तो कागदाचाही आहे.

१६१२ मध्ये सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या लढाईनंतर इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेत स्थिरावली. वखारीतील व्यापाऱ्यांचा मालक हजारो कोसांवर लंडनमध्ये बसलेला, आणि पत्र पोहोचण्यास महिनोन्‌महिने लागत. एखादा मुद्दा लिहावयाचा राहिला तर खुलासा मागवून तो परत येईपर्यंत हंगाम उलटून जाई. या अडचणीतूनच त्यांची लेखनाची शिस्त निर्माण झाली. गेलेल्या पत्राची नक्कल वहीत उतरवून ठेवावयाची. महत्त्वाच्या पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवावयाच्या, म्हणजे एक जहाज बुडाले तरी मजकूर बुडू नये. वखारीच्या मंडळाने घेतलेले निर्णय सल्लामसलतीच्या नोंदवहीत लिहून ठेवावयाचे. कंपनीच्या नोकरीतील अगदी खालच्या पायरीवरील तरुणास ‘रायटर’ म्हणजे लेखनिक असेच म्हणत. तेथून पुढे फॅक्टर, मग व्यापारी, मग ज्येष्ठ व्यापारी अशा पायऱ्या होत्या. व्यापार शिकण्याचा आरंभ लिहिण्यापासून होत असे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

या कागदांचा एक उपयोग त्यांच्या लेखकांच्या स्वप्नातही नव्हता. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. त्या वेळी वखारीतून गेलेली पत्रे पुढे शिवचरित्राच्या अभ्यासकांची साधने झाली. १९३१ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झालेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या संग्रहात अशी पत्रे आढळतात. त्यांतील मते एकांगी आहेत, भीती आणि स्वार्थ तर उघडच आहे. तरीही इतिहासकार त्यांना हाताशी धरतो. कारण दिवस, स्थळ, माणूस आणि रक्कम यांची नोंद लिहिणाऱ्याने सोडलेली नाही. ज्या पत्रात ‘मागील आठवड्यात काही मंडळी आली होती’ एवढेच असते, ते पत्र तीनशे वर्षांनीच काय, तीन महिन्यांनीही कोणाच्या उपयोगी पडत नाही.

परक्यांच्या वखारीकडे पाहताना सुरतेच्या देशी पेढीला विसरता कामा नये. वीरजी व्होरा यांच्यासारख्या सावकारांकडून इंग्रजांना कर्ज घ्यावे लागे, अशी या शहराची पत होती. या पतीचे वाहन म्हणजे हुंडी. देशी व्यवहारलेखनाचा हुंडीइतका नेटका नमुना क्वचितच सापडेल. कोणी, कोणावर, कोणत्या गावी, किती रकमेची, कोणत्या मितीस आणि कोणास द्यावयाची हे सारे एका लहानशा कागदावर मावत असे. दर्शनी हुंडी दाखविताच पटवावयाची, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या गृहस्थाच्या हाती द्यावयाचे. रक्कम आकड्यांत लिहिली जाई, अक्षरांत लिहिली जाई, आणि शिवाय तिची निमपट सांगून ‘त्याची दुप्पट’ असाही उल्लेख केला जाई. एखाद्याने हजाराचे दोन हजार करावयाचे म्हटले, तर त्याला एका कागदावर अनेक ठिकाणी खोटेपणा करावा लागे आणि तो उघडकीस येई. मूळ हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’ आणि पैसे चुकते झालेल्या हुंडीस ‘खोखा’ अशी नावे ठरलेली होती. प्रत्येक शब्द एका संभाव्य अडचणीला दिलेले उत्तर होते, आणि शोभेकरिता घातलेला शब्द त्या कागदावर क्वचितच असे.

मराठी भाषेलाही कारभाराच्या लेखनाची परंपरा थोडीथोडकी नाही. शिवराज्याभिषेकाच्या सुमारास, १६७७-७८ च्या आसपास, रघुनाथ नारायण हणमंते यांच्या पुढाकाराने ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध झाला. धुंडिराज व्यास यांचे त्यात साहाय्य होते. त्याच्या दहा वर्गांत एक ‘लेखनवर्ग’ आहे आणि एक ‘पण्यवर्ग’ म्हणजे व्यापाराचा वर्ग आहे. राज्यकारभाराच्या शब्दांचा विचार करताना लेखणी आणि बाजारपेठ यांना स्वतंत्र स्थान द्यावे असे त्या काळी वाटले, हे विशेष होय. या कोशाने सुचविलेले सर्वच शब्द रुजले असे मात्र नाही. मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनिसाचा सचिव झाला. पण अर्ज, दफ्तर, तारीख, नक्कल, जामीन हे शब्द आजही तोंडी आहेत. शब्द कोशात बसविता येतो. लोकांच्या तोंडी तो बसला पाहिजे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त सावकारांविषयी स्वतंत्र प्रकरण आले आणि व्यापारी हे राज्याचे भूषण आहेत, अशी भूमिका त्यात मांडली गेली.

मोडी पत्रांचा मायना आज अनेकांना निव्वळ अलंकारिक वाटतो. परंतु त्यामागे व्यवहार होता. मोडी लिपी शक्यतो हात न उचलता लिहावयाची. शब्दाशब्दांत अंतर नाही, पूर्णविराम नाही. अशा लेखनात पत्र कोठे सुरू झाले, कोणाच्या अधिकाराने लिहिले गेले आणि कोठे संपले हे कळण्यासाठी ठरावीक शब्दांची आवश्यकता होती. ‘विज्ञापना’ म्हटले की खालच्याने वरच्यास लिहिले आहे हे कळे. ‘जाणिजे’ म्हटले की आज्ञा पुरी झाली. ‘लेखनसीमा’ लिहिली की त्यापुढे कोणी काही घुसडू नये. मजकूर संपला तेथे ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा उमटे. तिचा अर्थच मुळी ‘ही मर्यादा शोभते आहे’ असा आहे. आजच्या पत्रातील स्वाक्षरी, पृष्ठक्रमांक आणि कोऱ्या जागेवर मारलेली तिरकी रेघ ही याच सावधगिरीची वंशज होत. प्रयोजन संपल्यावरही जे शब्द केवळ सवयीने उरले, ते मात्र पुढे ओझे झाले.

मराठी गद्याला आजचे रूप देणाऱ्यांपैकी एका थोर पुरुषाचा सुरतेशी निकटचा संबंध आहे. १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० नंतरच्या काही वर्षांत सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते. दुर्गाराम मेहताजी आदी मंडळींसह १८४४ मध्ये येथे स्थापन झालेल्या मानवधर्मसभेच्या प्रवर्तकांत त्यांचे नाव घेतले जाते. मराठीचा व्याकरणकार आणि गुजरातचा सुधारक हे दोघे एका शहरात एकत्र बसून समाजाचा विचार करीत होते, याचा सुरतेतील मराठी माणसाला सार्थ अभिमान वाटावा. पुढे १८५० मध्ये मेजर कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका आली आणि स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम यांची मराठीला ओळख झाली. ‘जाणिजे’ या शब्दाचे काम एका ठिपक्याने करावयास आरंभ केला. गुजरातीच्या बाजूने पाहिले तर १८७३ मध्ये पूर्ण झालेला ‘नर्मकोश’ हा याच शहराच्या कवी नर्मदांचा उद्योग, आणि १८६३ मध्ये सुरू झालेले ‘गुजरात मित्र’ हे वृत्तपत्रही याच शहराचे. शब्दांची निगा राखणे ही गोष्ट सुरतेला नवीन नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या निर्मितीनंतर, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झाले; १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला; १९६४ मध्ये महाराष्ट्र राजभाषा अधिनियम संमत झाला. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. या कार्याचे मोल मोठे आहे. शासनाचा व्यवहार मराठीत होऊ शकतो, हे त्याने सिद्ध केले. परंतु त्याबरोबर एक दोषही आला. इंग्रजी मसुदा समोर ठेवून शब्दास शब्द बसविण्याची घाई झाली आणि मराठी वाक्याची चाल हरपली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या अर्जाच्या अनुषंगाने यथोचित कार्यवाही करण्यात येत असून याबाबत आपणांस यथावकाश अवगत करण्यात येईल’ असे वाक्य कोणत्याही कचेरीत भेटते. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण कोणी काय केले, कधी करणार आणि अर्जदाराने आता काय करावयाचे, या तिन्ही प्रश्नांना त्यात उत्तर नाही. त्याऐवजी ‘आपला अर्ज मिळाला. त्यासोबत जन्मतारखेचा दाखला नाही. तो १५ तारखेपर्यंत पाठवावा. दाखला मिळाल्यापासून आठ दिवसांत हे कार्यालय निर्णय कळवील’ असे लिहिले, तर शब्द तितकेच लागतात आणि एक हेलपाटा वाचतो.

कर्मणी प्रयोगाचा हा अतिरेक भाषेच्या सवयीतून येतो, असे समजणे पुरेसे नाही. ‘करण्यात येत आहे’ या शब्दांच्या आड करणारा लपतो. जबाबदारी घेण्याची भीती हे दुर्बोध लेखनाचे एक मोठे कारण होय. म्हणून लेखन सुधारण्याचा प्रयत्न अखेर कामाच्या पद्धतीपर्यंत जाऊन पोहोचतो. निर्णय कोणी घ्यावयाचा हेच जेथे ठरलेले नाही, तेथे वाक्याला कर्ता कोठून मिळणार?

या सर्व विवेचनास आजच्या सुरतेत मोठे व्यावहारिक मोल आहे. कापडाच्या बाजारात माल आला, ताग्यात दोष निघाला, दुकानदाराने दूरध्वनीवर तक्रार केली आणि रक्कम अडवून ठेवली, असा प्रसंग येथे कोणास अपरिचित नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार अशा लहान उद्योजकाने पुरविलेल्या मालाविषयी घेणाऱ्याने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते. पैसे चुकते करण्याची मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. कायद्यात भर ‘लेखी’ या शब्दावर आहे. ज्याची तक्रार खरी, पण तोंडी, त्याची बाजू दुबळी ठरते. आणि ज्याने चार ओळींत दिनांक, बिलाचा क्रमांक, ताग्यांची संख्या व दोषाचे स्वरूप लिहून पाठविले, त्याच्या हाती पुरावा राहतो.

धनादेश न वटल्यास पाठवावयाच्या सूचनेचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखाली, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते आणि त्यानंतर १५ दिवसांचा अवधी द्यावा लागतो. मागणी करावयाची ती धनादेशाच्या रकमेची. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात धनादेश एक कोटी रुपयांचा होता आणि सूचनेत मागणी दोन कोटींची केली गेली होती. ही टंकलेखनातील चूक आहे, असा बचाव केला गेला. न्यायालयाने तो मानला नाही आणि सूचनाच अवैध ठरली. एका आकड्याने कोटीच्या व्यवहारातील फौजदारी दाव्याचा आधार काढून घेतला. हुंडीत रक्कम आकड्यांत, अक्षरांत आणि निमपटीत लिहिणारा सुरतेचा जुना मुनीम हा निकाल ऐकून आश्चर्यचकित झाला नसता.

मग कार्यालयातील लेखन सुधारावे कसे? त्याला प्रतिभेची आवश्यकता नाही, सवयीची आहे. काही सवयी येथे क्रमाने सांगता येतील.

पहिली सवय वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर आणण्याची. तेच वृत्त मालकास कळवावयाचे, गिऱ्हाईकास कळवावयाचे आणि कामगारास कळवावयाचे, तर तीन पत्रे लिहावी लागतात. मालकाला निर्णयापुरते हवे असते, गिऱ्हाईकाला आपल्या नुकसानीचे काय ते हवे असते, आणि कामगाराला उद्या किती वाजता यावयाचे ते हवे असते.

दुसरी सवय मुद्दा आरंभी सांगण्याची. मराठी पत्रात ख्यालीखुशाली आधी आणि काम शेवटी, अशी घरगुती रीत आहे. घरच्या पत्रात ती गोड वाटते. व्यवहाराच्या पत्रात मागणी पहिल्या परिच्छेदात यावी, कारणे दुसऱ्यात आणि मुदत शेवटी. एका पत्रात एकच विषय असावा. दोन विषय असले की सोप्या विषयाचे उत्तर येते आणि अवघड विषय तसाच राहतो.

तिसरी सवय नेमकेपणाची. ‘लवकरात लवकर’, ‘काही कारणास्तव’, ‘योग्य ती कार्यवाही’ हे शब्द लेखणीखाली आले की थांबावे आणि त्यांच्या जागी दिवस, कारण आणि कृती लिहावी. रक्कम आकड्यांत व अक्षरांत असावी आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत.

चौथी सवय सौजन्याची. सौजन्य लांबलचक मायन्यात नसते. वसुलीच्या पत्रातही समोरच्याला उत्तर देण्याची जागा ठेवणे, चूक आपली असेल तर ती पहिल्याच वाक्यात मान्य करणे आणि रागाच्या भरात लिहिलेले पत्र रात्रभर तसेच ठेवून सकाळी पुन्हा वाचणे, यांत ते असते. पूर्वी पत्र टपालात पडेपर्यंत ही रात्र आपोआप मिळत असे. आता भ्रमणध्वनीवर बोट टेकताच मजकूर रवाना होतो. म्हणून ती रात्र नसली तरी घटकाभराचा अवकाश माणसाने स्वतः निर्माण करावयास हवा.

पाचवी सवय मोठ्याने वाचण्याची. वाचताना जेथे श्वास अडखळतो, तेथे वाक्य तोडावे. आणि सहावी, नक्कल राखण्याची. सुरतेच्या वखारीतील रायटर जे बोरूने करीत होता, ते आज एका कळीने होते. परंतु ठेवलेला कागद सापडण्यासाठी विषय आणि दिनांक लिहिण्याचे कष्ट मात्र तेव्हाइतकेच घ्यावे लागतात.

सुरतेतील मराठी माणसाची एक अडचण अधिक आहे. तो विचार मराठीत करतो, कार्यालयात गुजराती बोलतो, हिशेब हिंदीत समजावतो आणि पत्र इंग्रजीत लिहितो. या भाषा सख्ख्या बहिणी असल्याने फसगतही गोड वेशात येते. गुजरातीत ‘काल’ हा शब्द गेलेल्या दिवसासही लागतो आणि येणाऱ्या दिवसासही. मराठीत तो गेलेल्या दिवसापुरताच आहे. ‘माल काल’ एवढाच त्रोटक निरोप एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, तर माल निघाला की निघावयाचा आहे, यावर वाद होऊ शकतो. हिशेबाच्या वहीत मराठी माणूस ‘नावे’ आणि ‘जमा’ लिहितो. गुजराती मेहताजी ‘उधार’ आणि ‘जमा’ लिहितो. मराठी कानाला ‘उधार’ म्हणजे उसनवार. अशा ठिकाणी शब्दावर विसंबू नये. तारीख लिहावी, खात्याचे नाव लिहावे. आणि कोणत्याही भाषेत लिहावयाचे असले, तरी मुद्दे आधी मातृभाषेत कागदावर मांडावेत. जो मुद्दा मातृभाषेत स्पष्ट झालेला नाही, तो परभाषेत स्पष्ट होत नाही.

या विषयातील सर्वांत गंभीर भाग अजून राहिला आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे यंत्रमाग आणि गिरण्यांच्या आधाराने वसली. महानगरपालिकेने गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालविल्या. अशा घरातील कामगारावर अर्ज लिहिण्याची वेळ येते, तेव्हा तो बहुधा असे लिहितो : ‘मी आपल्या कारखान्यात पुष्कळ वर्षे इमानेइतबारे काम करीत असून माझ्यावर अन्याय झाला आहे, तरी साहेबांनी दयाळू होऊन योग्य तो न्याय द्यावा.’ या वाक्यात दुःख पूर्ण आहे आणि माहिती शून्य आहे. वाचणारा सहृदय असला तरी त्याला काय करावे हे कळत नाही, आणि सहृदय नसला तर अर्ज बाजूला सारण्यास त्याला सोयीचे होते.

तोच अर्ज असा लिहिला तर? ‘४ ते ९ तारखेपर्यंत सहा दिवस मी रात्रपाळीत काम केले. हजेरीपत्रकात माझी सही आहे. पगारात या सहा दिवसांचे पैसे आलेले नाहीत. ते पुढील पगाराबरोबर मिळावेत. हजेरीपत्रकाची छायाप्रत सोबत जोडली आहे.’ येथे दयेची याचना नाही आणि उद्धटपणाही नाही. पाच वाक्ये आहेत. प्रत्येक वाक्याला होय किंवा नाही असे उत्तर द्यावेच लागते. हा अर्ज फेटाळावयाचा झाला तरी कारण लिहून फेटाळावा लागतो, आणि ते कारण पुढच्या पायरीवर उपयोगी पडते.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानेही हेच शिकविले आहे. ‘माझे काम का झाले नाही’ असे विचारणाऱ्यास उत्तर मिळेलच असे नाही, कारण कायदा अभिलेखातील माहिती देतो, मनातील कारणे देत नाही. ‘माझ्या अमुक दिनांकाच्या अर्जावर झालेल्या टिपणीची प्रत द्यावी’ असे मागणाऱ्यास मात्र सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. हक्क दोघांनाही सारखाच आहे. प्रश्न लिहिता येणाऱ्याला तो मिळतो. म्हणून व्यवहारलेखन हे साहेबाच्या बढतीचे साधन म्हणून शिकविले जाते तेवढ्यापुरते ठेवू नये. दुबळ्या माणसाच्या हाती ते संरक्षण आहे.

ग्रंथालयाचे कर्तव्य येथेच उभे राहते. कोश, व्याकरण आणि शुद्धलेखनाचे नियम ही पुस्तके कपाटात आहेतच. ती वाचनकक्षाच्या टेबलावर यावीत. आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज आणि पत्रे लिहिण्यासाठी राखून ठेवावी. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, वकील अशा सभासदांनी त्या संध्याकाळी बसावे. त्यांनी दुसऱ्याचा अर्ज लिहून देऊ नये. समोर बसवून लिहून घ्यावा, मोठ्याने वाचून घ्यावा आणि चुका त्याच्याच हातून सुधारून घ्याव्यात. एक अर्ज लिहून दिला तर एक काम होते. एक अर्ज लिहिण्यास शिकविले तर घरातील मुलगाही ते पाहून शिकतो. अशा अर्जांचे नमुने, नावे काढून, मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत एका वहीत जमवावेत. पूर्वीच्या कारकुनांची ‘मेस्तके’ याच हेतूने लिहिली जात होती.

शंभर वर्षांत या कपाटांनी अनेकांना वाचावयास शिकविले. वाचलेल्याचा उपयोग करून आपले म्हणणे चार ओळींत मांडता येणे, ही त्यापुढची पायरी होय. रात्रपाळी संपवून कोणी कामगार संध्याकाळी या दारात आला, त्याने खिशातून घडी घातलेला कोरा कागद काढला आणि ‘हे कसे लिहावयाचे?’ असे विचारले, तर त्याला बसावयास खुर्ची आणि हाती पेन मिळावे, एवढे या शताब्दीच्या वर्षी ठरले तरी पुष्कळ झाले.

बहुत काय लिहिणे? लेखनसीमा.